शर्ट शंभर टक्के कॉटनचा, तरी नागपुरात भट्टी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून नागपूरला बदली झाली, येताना ‘100 टक्के कॉटन, रिंकल-फ्री’ असे चार स्लिम-फिट शर्ट आणले आणि एप्रिल अर्धा सरायच्या आत ते नकोसे झाले. दुकानदारानं फसवलं का, खरं कॉटन ओळखायचं कसं, आणि इथे घ्यायचं काय?

इतवारीत कापडाच्या दुकानात माझी 22 वर्षं गेली. माझ्या मते दुकानदारानं फसवलेलं नाही, कॉटनच असणार ते. पण कॉटन हे नुसतं तंतूचं नाव झालं. सूत किती बारीक कातलं, वीण कशी आहे आणि शेवटी त्याला काय चोपडलं, यावर अंगाला काय लागणार ते ठरतं.

तुमची गडबड ‘रिंकल-फ्री’ या शब्दात आहे. सुरकुत्या पडू नयेत म्हणून कापडाला रेझिनचं फिनिश देतात. त्यानं तंतू आतून जखडला जातो. कापड चुरगळत नाही, पण घाम पिण्याची त्याची ताकद थोडी घटते आणि ते जरा कमजोरही होतं. त्यात स्लिम-फिट, म्हणजे हवेला आत जायला वाटच नाही. आता शर्ट उजेडासमोर धरा. तिरप्या बारीक रेघा दिसल्या तर ते ट्विल, जीनसारखी दाट वीण. इथल्या उन्हाळ्यात साधी वीण बरी, एक धागा वर, एक खाली, आणि तीही विरळ. तोंडाजवळ कापड धरून फुंकर मारा, पलीकडे हाताला ती जाणवली पाहिजे. मी गिऱ्हाइकाला हे करायला लावायचो तेव्हा लोक हसायचे, पण तागा तोच न्यायचे.

सुताचा नंबरही विचारा. एका पौंडात 840 वारांच्या जितक्या लड्या बसतात, तो नंबर. म्हणजे नंबर मोठा तितकं सूत बारीक. 60 नंबरचं एक पौंड सूत उलगडत नेलं तर 46 किलोमीटर होतं, इथून निघालात तर रामटेकच्या आसपास पोचाल. उन्हाळी शर्टाला 60 किंवा 80 नंबरचं एकेरी सूत छान. ब्लाऊजच्या रुबियाला ‘टू बाय टू’ म्हणतात ते नंबर नाहीत बरं का. उभा आणि आडवा दोन्ही धागे दुपदरी, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे एम्प्रेस मिलमधून निवृत्त झालेले काही म्हातारे यायचे. कापड अंगठ्याखाली घासून नंबर सांगायचे, आणि फारसे चुकायचे नाहीत. 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया राणी भारताची सम्राज्ञी झाली त्याच दिवशी टाटांनी ती मिल सुरू केली, म्हणून नाव एम्प्रेस. आता त्या जागी मॉल आहे. तिथल्या कुणा विक्रेत्याला सुताचा नंबर विचारून पाहा, गंमत येईल.

आता ओळखायचं कसं. शिवणीच्या आतून एक उभा आणि एक आडवा धागा काढा, चिमट्यात धरून ताटलीवर जाळा. कॉटन कागदासारखं जळतं, राख करडी आणि मऊ, बोटानं उडून जाणारी. पॉलिएस्टर ज्योतीपासून आधी आक्रसतं, मग वितळतं आणि थंड झालं की काळा टणक मणी उरतो. टेरीकॉट, म्हणजे पॉलिएस्टर-कॉटनचं मिश्रण असेल तर जळतं खरं, पण राखेत कडक खडे लागतात. केस जळल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर.

पण या परीक्षेत मी स्वतः एकदा सपशेल नापास झालो. एका व्यापाऱ्यानं कॉटन म्हणून दोन तागे दिले. जाळून पाहिलं, राख मऊ, घेऊन टाकले. पंधरा दिवसांनी एक मावशी कुर्ता घेऊन दुकानात. “काका, धुतलं तर आटून गेलं नं हे, अन् पिळताना फाटलंबी!” ते व्हिस्कोस रेयॉन निघालं. लाकडाच्या लगद्यापासून करतात, म्हणजे मुळात कापसासारखंच सेल्युलोज, त्यामुळे जळतंही तसंच. पैसे परत केले, दुसरं काय करणार? तेव्हापासून आणखी एक परीक्षा करतो. धागा मधोमध जिभेनं ओला करायचा आणि दोन्ही टोकं ओढायची. ओल्या जागी तुटला तर रेयॉन. कापूस ओला झाला की उलट मजबूत होतो, तो कोरड्या जागी तुटतो.

राहिलं पॉलिएस्टर. कापूस साध्या हवेतूनच आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. खेळाडूंच्या जर्सी त्याच्याच असतात हे खरं, पण त्यांची वीण घाम बाहेर ओढून पसरवायला मुद्दाम तशी केलेली असते. ऑफिसच्या दाट शर्टात तो फायदा मिळत नाही.

मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो, म्हणजे हवाच अंगापेक्षा गरम. उघड्या हातांना उन्हासोबत त्या हवेचीही झळ लागते. म्हणून अर्ध्या बाह्यांचा मोह सोडा. पूर्ण बाह्यांचा, ढगळ, फिक्या रंगाचा शर्ट शिवून घ्या. हवा कोरडी असते, घाम लगेच वाळतो आणि त्यानंच गारवा मिळतो. परवडत असेल तर एखादा लिननचाही घ्या. आपण जवसाची चटणी खातो ना, त्याच झाडाच्या उंच जातीच्या खोडातून लिनन निघतं. ते जरा ताठ असतं, अंगाला चिकटत नाही. चुरगळतं मात्र भयंकर.

कापड घेतलंत की शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात टाका. मागावर ताणलेले धागे पाण्यात सैल होतात आणि कापड आटतं, ते शिंप्याकडे जायच्या आधी आटलेलं बरं. बादलीतलं पाणी पांढुरकं झालं तर ती खळ, घाबरू नका. सोबत डोक्याला बांधायला मलमलचा पांढरा दुपट्टा घ्या, इथे दुपारी त्याच्याशिवाय कुणी गाडी काढत नाही. आणि ते चार शर्ट टाकून देऊ नका, डिसेंबरात सकाळी तेच घालाल.