लॉरेन्स डरेलची रोजनिशी कितपत खरी?

प्रश्न : जेराल्ड डरेलच्या ‘माय फॅमिली अँड अदर अ‍ॅनिमल्स’ या आठवणींच्या पुस्तकात थोरला भाऊ लॅरी ग्रीसच्या कॉर्फू बेटावर आई-भावंडांसोबत राहतो. खुद्द लॅरीच्या, म्हणजे इंग्रजी लेखक लॉरेन्स डरेलच्या ‘प्रॉस्पेरोज सेल’ या रोजनिशीच्या रूपातल्या पुस्तकात तो बायकोबरोबर वेगळा राहतो. खरं कुणाचं?

उत्तर : बिऱ्हाडापुरतं लॉरेन्सचं. १९३५ मध्ये तो पत्नी नॅन्सीसह कॉर्फूला गेला आणि पुढे कलामी गावात, पाण्याला लागून असलेल्या पांढऱ्या घरात राहिला. जेराल्डने वहिनीला पुस्तकातून पार वगळलं.

पण म्हणून लॉरेन्सच्या तारखा जशाच्या तशा धरू नका. नोंदींवर १९३७-३८ साल असलं, तरी पुस्तक आकाराला आलं महायुद्धाच्या काळात, इजिप्तमध्ये. १९४१ मध्ये जर्मन फौजा ग्रीसमध्ये घुसल्यावर तो क्रीटमार्गे तिथे पोहोचला होता. १९४२ मध्ये नॅन्सी लहानग्या मुलीसह त्याच्यापासून दूर झाली. पुस्तकात एक प्रसंग आहे : दोन वाव खोल, नितळ पाण्यात चेरी टाकल्या जातात आणि ‘एन.’ पाणमांजरासारखी सूर मारून त्या ओठांत धरून वर आणते. ही ‘एन.’ म्हणजे नॅन्सी. छपाईचं साल १९४५ आहे, हे ध्यानात ठेवून तो परिच्छेद पुन्हा वाचा. रोजनिशीचा वर्तमानकाळ तिथे आठवणीला दिलेला आहे, आणि पुस्तकाची सारी ताकद त्यातच आहे.

प्रश्न : त्याची बेटांवरची पुस्तकं कोणत्या क्रमाने वाचावीत?

उत्तर : प्रकाशनाच्याच क्रमाने. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने दोन नोंदी करा : मुक्काम कधीचा, छापलं कधी. कॉर्फूनंतर ‘रिफ्लेक्शन्स ऑन अ मरीन व्हीनस’ : ऱ्होड्स, मुक्काम १९४५ ते ४७, प्रकाशन १९५३. मग ‘बिटर लेमन्स’ : सायप्रस, १९५३ ते ५६, आणि प्रकाशन लगेच १९५७ मध्ये. अंतर इतकं कमी, की इथे जखम ओली आहे.

बेलापाईस गावातल्या घराच्या खरेदीचं प्रकरण आधी सुटं वाचलं तरी चालेल. सबरी हा तुर्की दलाल भलीमोठी चावी टेबलावर आपटत घासाघीस करतो आणि सौदा ३०० पौंडांवर आणतो. बोलण्यातली ओढाताण इतकी नेमकी टिपणारे लेखक थोडे. उत्तरार्ध वाचताना मात्र सावध राहा. १९५४ पासून डरेल तिथल्या ब्रिटिश सरकारचा माहिती अधिकारी होता आणि एप्रिल १९५५ मध्ये ‘एओका’ या ग्रीक सायप्रियट (सायप्रसमधल्या ग्रीकभाषकांच्या) संघटनेचा ब्रिटिश राजवटीविरुद्ध सशस्त्र लढा सुरू झाला. गावकऱ्यांचा शेजारी आणि सरकारचा नोकर, दोघंही एकाच लेखणीने लिहितात. ग्रीक सायप्रियट वाचकांचा आक्षेप इथेच आहे, आणि तो रास्त आहे.

प्रश्न : त्याचा जन्म जालंधरचा. मग भारतावरचं प्रवासवर्णन कुठलं?

उत्तर : तसं पुस्तकच नाही. १९१२ चा जन्म, दार्जिलिंगला शाळा, अकराव्या वर्षी इंग्लंडला रवानगी; नंतर तो भारतात कधीच परतला नाही. १९६०च्या दशकातल्या स्थलांतर कायद्यांमुळे या भारतात जन्मलेल्या लेखकाला ब्रिटनमध्ये शिरायलाही परवानगी काढावी लागे. दक्षिण फ्रान्समधल्या सोमिएर गावी तो १९९० मध्ये वारला.