लेक म्हणते, शहराचे बगीचे सांभाळीन

आपल्या इंदूरच्या सुदामानगरहून एका ताईंचं पत्र आलंय. पाच पानी आहे, म्हणून इथे सारच देतो. लेक यंदा बारावी झाली, विषय जीवशास्त्राचे. डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दिली, गुण आले नाहीत, आणि आणखी एक वर्ष त्यात घालवायला ती तयार नाही. घरासमोर महापालिकेचा बगीचा आहे. दोन वर्षांपासून तिने एक वही ठेवलीय. त्यात काय मोडलं, कधी मोडलं, पालिकेच्या ३११ ॲपवर तक्रार कधी टाकली, दुरुस्ती कधी झाली, सगळं तारखेनिशी. आता म्हणते, मला शहरातले बगीचे आणि मैदानं सांभाळणारी अधिकारी व्हायचंय. बाबांचं म्हणणं, मुकाट्याने बी. फार्म कर. आजी म्हणतात, ‘एवढं शिकून माळीणच व्हायचं का?’ ताईंचे प्रश्न तीन: असं पद खरंच असतं का, त्यासाठी शिकायचं काय, आणि मुलीला हे झेपेल का.

ताई, पत्र वाचताना मी अडकलो तो त्या वहीपाशी. फुलांची, हिरवळीची आवड असलेली मुलं माझ्याकडे पुष्कळ येतात. मोडक्या नळाची तारीख लिहून ठेवणारी मात्र तुमचीच पहिली. हे काम लावण्यापेक्षा टिकवण्याचं जास्त आहे, आणि टिकवायची आवड शिकवून येत नाही. तेव्हा तिचं म्हणणं थट्टेवारी नेऊ नका, एवढं आधी सांगतो. पुढचं सगळं गोड नाहीये.

पद असतं. आपल्या महापालिकेत उद्यान विभाग आहे, महापौर परिषदेत त्याचा प्रभारी असतो. वर उद्यान अधिकारी, त्याच्या हाताखाली झोननिहाय सुपरवायझर, दरोगा म्हणजे मुकादम, मग माळी आणि मस्टरवरचे रोजंदारी मजूर. ८५ वॉर्डांतले बगीचे या माणसांच्या जिवावर चालतात. त्याशिवाय आयडीए, म्हणजे इंदूर विकास प्राधिकरण आहे; पिपल्यापाल्याचं रिजनल पार्क त्यांनीच उभं केलं. केंद्राच्या बांधकाम खात्यात, सीपीडब्ल्यूडीत तर बागकामाची स्वतंत्र शाखाच आहे. रेल्वे, महूचं कँटोन्मेंट, सिमरोलचं आयआयटी, राऊचं आयआयएम, अशा मोठ्या आवारांनाही हिरवळ सांभाळणारं माणूस लागतंच.

आता कडू भाग. पालिकेत कायम पदं थोडी निघतात, तीही वर्षानुवर्षांनी. लहान गावांत तर बांधकामाच्या इंजिनियरकडेच बगीच्याचा जादा कार्यभार असतो. काम वाढतंय, पण ते ठेकेदारामार्फत. म्हणजे पहिली चार-पाच वर्षं तुमची लेक बहुधा खासगी कंपनीच्या किंवा ठेकेदाराच्या पगारावर असेल, आणि तो पगार बाबांच्या मित्रांच्या मुलांपेक्षा कमी असेल. हे घरात आत्ताच बोलून घ्या.

काम कसं असतं ते दाखवतो. मागच्या उन्हाळ्यात एका सुपरवायझरबरोबर मी सकाळी सहाला एका बगीच्यात फिरलो. वाटलं होतं, गडी आधी गुलाबाच्या वाफ्यापाशी जाईल. तो थेट झोपाळ्यापाशी गेला. साखळी जिथे वरच्या कडीत अडकते ना, तिथे बोट घालून बघितलं. लोखंडावर लोखंड घासून कडी आतून झिजते, खालून दिसत नाही. ‘निम्मी झिजली की मी उतरवतो, लोक ओरडले तर ओरडू देत,’ म्हणाला. मग घसरगुंडीच्या कडेवरून तळहात फिरवला, पत्रा कुठे उचकटलाय का ते पाहायला. फुलांकडे आम्ही सात वाजता पोचलो.

वाटेत त्याने मला दोन जागा दाखवल्या. एक, मोठ्या नीमखालची. तिथे दरवर्षी लॉन लावायचा आदेश येतो आणि दरवर्षी ते मरतं, कारण दूर्वेला ऊन हवं आणि नीम ते खाली पोचू देत नाही. त्याने शेवटी कुणाला न विचारता तिथे सावलीत जगणारं मोंडो गवत लावलं. चार वर्षं झाली, अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. दुसरी जागा, चालायच्या पट्ट्यावर उचकटलेले पेव्हर ब्लॉक. ठेकेदार चोर आहे असं आपण लगेच म्हणतो, आणि कधीकधी असतोही. पण इथली माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात. खाली मुरूम नीट दाबून भरला नाही, पाण्याला वाट दिली नाही, तर वरचा ब्लॉक कितीही महागडा असो, दोन पावसाळ्यांत नाचायला लागतो. हे ज्याला कळतं तो टेंडरमध्ये ब्लॉकचा रंग नंतर बघतो, मुरमाची जाडी आधी. उद्यान अधिकाऱ्याचा निम्मा दिवस असल्या कागदांत जातो, हे लेकीला सांगा. तिला हिशेबाचा कंटाळा असेल तर पुनर्विचार करावा.

उरलेला निम्मा दिवस भांडणांत. पहाटे चालणारे ज्येष्ठ, मग योगावाल्या बायका, दुपारी पत्ते कुटणारे, संध्याकाळी क्रिकेटवाली पोरं, आठनंतर जोडपी, आणि कायमचे कुत्रे. एकाच दोन बिघ्यांवर सगळ्यांचा हक्क, आणि प्रत्येकाला नगरसेवक ओळखतो. पोरांना हाकललं की ती रस्त्यावर खेळतात, न हाकललं तर चेंडू आजोबांच्या चष्म्यावर. वेळा वाटून देणं, जाळी लावणं, दोन्हीकडची बोलणी खाणं, हे सगळं त्याच पगारात.

जागाच कमी, म्हणून ही ओढाताण. केंद्राच्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं धरलंय. २०११ च्या जनगणनेत इंदूर वीस लाखांच्या घरात होतं. माणशी दहानेच गुणा, २० चौरस किलोमीटर होतात. नेहरू पार्क, मेघदूत, रिजनल पार्क, कॉलन्यांतले सगळे तुकडे जोडून पाहायला सांगा लेकीला. नकाशा आणि कॅल्क्युलेटर घेऊन एक रविवार बसली तर नोकरीच्या मुलाखतीत बोलायला तिच्याकडे काहीतरी असेल.

पैशाचंही असंच आहे. बांधायला पैसा मिळतो. शहरांसाठीच्या केंद्राच्या २०१५ च्या अमृत योजनेत बगीच्यांसाठी अडीच टक्क्यांपर्यंत पैसे वेगळे काढले होते. फीत कापायलाही माणसं मिळतात. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर आपण एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लावली, विश्वविक्रम झाला, मलाही बरं वाटलं. पण रोप जगतं की नाही हे पुढचे तीन उन्हाळे ठरवतात, आणि त्या उन्हाळ्यांत टँकर कधी, कुठे, कोणाचा, हे ठरवणारं माणूस पेपरात येत नाही. त्या जागेवर बसायची लेकीची तयारी आहे का? वही बघता मला वाटतं, आहे.

आजींसाठी थोडं विषयांतर करतो. माळीण म्हणून नाक मुरडण्याआधी त्यांना त्यांच्याच शहराची गोष्ट सांगा. तुकोजीराव होळकरांच्या वेळी प्लेग हटत नव्हता, तेव्हा पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराला इथे बोलावलं होतं. त्याचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा. सांगतात की त्याने दिवाळीची मिरवणूक मागून घेतली आणि जाहीर केलं, जे रस्ते स्वच्छ असतील त्यांवरूनच ती जाईल. गावाने झाडू हातात घेतला. मिरवणुकीत उंदराचा भला मोठा पुतळा होता, आणि शेवटी लोकांना तुळशीची रोपं वाटली. त्यानंतर काही वर्षांनी, १९२४ मध्ये, अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शेतीशास्त्रज्ञ इथे आला आणि पाला, शेण, माती, राख यांचे थर रचून, ठरलेल्या दिवशी उलथून, साधारण तीन महिन्यांत खत करायची पद्धत बसवली. जगभर तिला इंदूर पद्धत म्हणतात. १९३१ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडताना हॉवर्डबरोबर दुसरं नाव होतं यशवंत वाड. हॉवर्डच्या संस्थेच्या त्या आवारात आज कृषी महाविद्यालय आहे. आता बगीच्यांतला पाला जागच्या जागी खड्ड्यात कुजवतात, तेव्हा तीच विद्या घरी परत आलेली असते. आजींच्या काळातल्या माळ्याला हे ठाऊक होतं, फक्त त्याला पदवी नव्हती.

शिक्षणाकडे येतो. तिच्यासाठी सरळ रस्ता म्हणजे बी. एस्सी. (ऑनर्स) हॉर्टिकल्चर, म्हणजे उद्यानविद्या, किंवा ॲग्रिकल्चर, चार वर्षं. आपल्या राज्यात त्यासाठी पीएटी ही प्रवेश परीक्षा, आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या (आयसीएआर) देशभरातल्या जागांसाठी सीयूईटी ही परीक्षा. जीवशास्त्र घेऊन चालतं. घराजवळचं म्हणजे इंदूरचं कृषी महाविद्यालय; निव्वळ हॉर्टिकल्चर हवं तर मंदसौर. दोन्ही ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाखाली येतात. एक सावध करतो: या अभ्यासक्रमात फळबागा, भाजीपाला, मसाले यांचंच राज्य असतं, शहरातला बगीचा एका कोपऱ्यात. म्हणून फ्लोरिकल्चर (फुलझाडांची विद्या) आणि लँडस्केपचे विषय मन लावून करायचे, शेवटच्या वर्षीचं प्रकल्पाचं काम जमलं तर शहरातल्या बगीच्यावर मागायचं, आणि पुढे एम. एस्सी. त्याच विषयात करायची. सीपीडब्ल्यूडीसारख्या ठिकाणच्या बागकामाच्या जागांना हे शिक्षण कामी येतं.

लँडस्केप आर्किटेक्ट व्हायची वाट वेगळी. भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये (एसपीए) तो मास्टर्सचा अभ्यासक्रम आहे, पण आधी पाच वर्षांचं बी. आर्क. लागतं आणि त्याला बारावीत गणित. तिने घेतलं नाही, तेव्हा तो विषय इथेच सोडतो. शिवाय आर्किटेक्ट बगीचा आखून देतो आणि जातो. तिला राहायचंय.

मैदानं, तरणतलाव, जिम यांच्याकडे ओढा जास्त असेल तर ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था (एलएनआयपीई) पाहा. १९५७ पासूनची संस्था, शारीरिक शिक्षणातली देशातली मोठी, आणि खेळ व्यवस्थापनही तिथे शिकवतात. मात्र तिथल्या बहुतेक प्रवेशांना स्वतः घाम गाळावा लागतो. तरणतलाव हे निव्वळ रसायनशास्त्र आहे, हे ऐकून तिला मजा वाटेल. पाण्याचा पीएच साधारण ७.२ ते ७.८ राखायचा, कारण तो आठच्या वर गेला की तेवढंच क्लोरीन टाकूनही जंतू पुरेसे मरत नाहीत, आणि कर्मचारी बिचारा आणखी क्लोरीन ओततो. पोरांचे डोळे लाल होतात ते कधीकधी अशानेही. दिवसातून दोनदा पाणी तपासून पाटीवर आकडा लिहिणारा तलाव इंदुरात दिसला की मला कळवा, मी स्वतः पोहायला जाईन.

तिसरी वाट लांबची पण मानाची: कुठलीही पदवी घेऊन एमपीपीएससी, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा. त्या परीक्षेतून मुख्य नगरपालिका अधिकारी होता येतं, आणि मग बगीचेच नाही, पाणी, कचरा, दिवे सगळं गळ्यात पडतं. आयुष्याची चार वर्षं फक्त त्यावर लावू नये. बी. एस्सी. करता करता डोळ्यासमोर असू द्यावी.

मुलीला झेपेल का? ताई, बगीच्यांत निंदणी-खुरपणी करणाऱ्या निम्म्याहून जास्त बायकाच दिसतात मला. खुर्चीवर कमी दिसतात, एवढंच. अडचणी आहेत. पहाटेची फेरी, वयाने दुप्पट माळ्यांकडून काम करून घेणं, ठेकेदाराचं ‘बेटा, आप छोडो, हम देख लेंगे’. पहिल्या वर्षी ती रडत घरी येईल, एकदा तरी. तेव्हा ‘सांगितलं होतं ना’ असं म्हणू नका, आणि बाबांनाही म्हणू देऊ नका.

बी. फार्मचा अर्ज भरायला हरकत नाही, पीएटीचाही भरा. निकाल येईपर्यंत तिला पंधरा दिवस काम देतो. मेघदूतला सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला जायचं, आणि घरासमोरच्या बगीच्यातही त्याच वेळी. कोण येतं, कुठे बसतं, कुठे कुणीच बसत नाही, ते मोजायचं. एखाद्या जुन्या माळ्याला गाठून प्रत्येक झाडाचं नाव आणि त्याला पाणी किती दिवसांनी लागतं, ते विचारायचं. पोहे घेऊन गेली तर तो जास्त बोलेल. पंधराव्या दिवशीही उठावंसं वाटलं तर माझ्याकडे घेऊन या, वहीसकट.

आणि त्या वहीत तारखेशेजारी वेळही लिहायला सांगा. दिवा सातला बंद होता की दहाला, त्यावरून बल्ब गेलाय की टायमर चुकलाय ते कळतं.