कूलरचा टब आणि बाइकचं इंजिन कव्हर, दोन्हींची गळती बुजवायला एकच एम-सील (दोन भाग मळून लावायची एपॉक्सी पुट्टी) चालेल का?

नाही, दोन्हींसाठी वेगळी पुट्टी घ्या.

कूलरच्या पत्र्याच्या टबाला साधी एपॉक्सी पुट्टी पुरते. टब पूर्ण वाळवा आणि गंज, क्षार 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. बहुतेकांची पुट्टी इथेच सुटते, कारण ती गंजाला चिकटते आणि गंजच पत्र्यापासून निघून येतो. पुट्टीचे दोन्ही भाग सारखे घेऊन, पांढरे-काळे पट्टे जाऊन एकच रंग येईपर्यंत मळा. शक्यतो टबाच्या आतून लावा, म्हणजे पाण्याचा दाब तिला पत्र्यावरच दाबून धरतो. 24 तास पाणी भरू नका. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात 45 अंशांत पुट्टी हातातच कडक व्हायला लागते, म्हणून सकाळी, सावलीत, लिंबाएवढीच मळा. हातमोजे घालाच, हार्डनरने (पुट्टी कडक करणाऱ्या भागाने) कातडी चुरचुरते.

इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियम कव्हरला मात्र स्टीलची भुकटी असलेली, पाकिटावर तापमानाची मर्यादा छापलेली पुट्टी घ्या. आधी ऑइल काढून टाका, मग चीर घासून थिनरने पुसा. तेलकट जागेवर कुठलीच पुट्टी टिकत नाही.

सायलेन्सरला साधी एपॉक्सी लावू नका, ती जळते. तिथे वेल्डिंगच करून घ्या.