पाहिल्याशिवाय सही नको

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जोते तपासणीच्या अहवालावर जागेवर न जाताच सही करावी, ठेकेदाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो पुरेसे आहेत, असे वरिष्ठांनी तुला सांगितले आणि तू सही न करता फाइल टेबलावरच ठेवलीस, हे वाचून बरे वाटले. पण पुढे तू विचारले आहेस की स्ट्रक्चरल इंजिनीअरचे प्रमाणपत्र फाइलला असताना मी जाऊन वेगळे काय पाहणार. या प्रश्नाने मात्र मी अस्वस्थ झालो. बांधकाम परवानगी विभागात नोकरी करताना मी हा प्रश्न सतत ऐकत आलो आणि तो विचारणारी माणसे वाईट नव्हती, कामाखाली दबलेली होती. म्हणून तुझ्या प्रामाणिकपणाचे कौतुक करण्यात कागद घालवत नाही, कारण तो मी गृहीत धरला आहे. जे तू स्वतः पाहिले नाहीस त्यावर सही करू नकोस, एवढेच मला सांगायचे आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ सालची असली, भारतीय मानक ब्यूरोने काढलेली असली, तरी ती आपणहून कोणालाही बांधील नसते. स्थानिक संस्थेच्या नियमावलीत तिचा उल्लेख आला की मगच तिला कायद्याचे बळ मिळते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत जमिनीचा वापर आणि इमारतींचे बांधकाम यांचे नियमन हा विषय नगरपालिकांसाठी ठेवला आहे, तो उगाच नव्हे. महाराष्ट्रात २ डिसेंबर २०२० रोजी एकीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली आणि मुंबई व काही मोजकी क्षेत्रे वगळता सगळीकडे एकच पुस्तक लागू झाले. त्याआधी नदीच्या या काठावर एक नियम आणि त्या काठावर दुसरा, अशी अवस्था होती, तेव्हा हे चांगलेच झाले. संरचनेचा आराखडा संहितेप्रमाणे आणि भारतीय मानकांप्रमाणे असावा, हेही त्या पुस्तकात आले. नियम स्वीकारण्याचे काम, निदान कागदावर, झाले आहे. आता उरले आहे ते तुझे काम.

आणि ते काम आपण कसे करतो ते पाहा. सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती मोकळे सोडायचे अंतर, आपण टेप लावून मोजतो, चटई क्षेत्र दशांशापर्यंत काढतो, वाहनतळाच्या जागा मोजतो, कारण त्यांच्याशी शुल्क, प्रीमियम आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी जोडलेल्या असतात. ज्याच्यावर माणसांचा जीव अवलंबून आहे ते लोखंड आणि काँक्रीट मात्र आपण एका प्रमाणपत्रावर सोडून देतो. संरचनेचे गणित तू पुन्हा करावेस अशी कोणाचीही अपेक्षा नाही, माझीही नाही. पण प्रमाणपत्र देणाऱ्या इंजिनीअरने कागदावर काढलेले आणि लोखंड बांधणाऱ्या फिटरने प्रत्यक्ष बांधलेले एकच आहे का, हे बघायला गणित लागत नाही. नकाशा हातात घेऊन उभे राहावे लागते. हा इंजिनीअर बहुतेक वेळा जिल्ह्याच्या गावी बसतो, त्याला एका इमारतीमागे ठरावीक फी मिळते आणि जागेवर येण्याचे पैसे त्याला कोणीही देत नाही. म्हणजे त्यानेही पाहिलेले नसते, तूही पाहिलेले नसते, आणि फाइलवर मात्र दोघांच्या सह्या असतात. अशा दोन सह्यांच्या भरवशावर त्या घरात माणसे झोपायला जातात.

तुझे गाव कोयनेच्या खोऱ्यात आहे, म्हणून हे जास्त कळकळीने लिहितो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला काय झाले ते तुझ्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचार. तो परिसर भूकंपाच्या २००२ च्या नकाशावर चौथ्या क्षेत्रात येतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्यावरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. तिथे संहिता पोहोचलीच नव्हती, म्हणून त्या गवंड्यांना दोष देता येत नाही. पुढे २००२ साली नकाशा सुधारला, पहिले क्षेत्र रद्द झाले आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. पण २६ जानेवारी २००१ चे अहमदाबाद आठव. भूकंपाचे केंद्र दोनशे किलोमीटरहून दूर कच्छमध्ये होते, तरी तळमजल्यावर मोकळे पार्किंग ठेवलेल्या बहुमजली इमारती तिथे बसल्या आणि शेकडो माणसे गेली. भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक १९६२ पासून होते, लोखंडाच्या बांधणीचे वेगळे मानक १९९३ पासून होते, शहरात इंजिनीअर होते, महापालिका होती. नव्हता तो खांब भरण्याआधी तिथे जाऊन पाहणारा माणूस. किल्लारी आणि अहमदाबाद यांतला हा फरक मी प्रत्येक नव्या कनिष्ठ अभियंत्याला सांगत आलो, आणि दर वेळी मला वाटले की तो पाहणारा माणूस आपणच व्हायचे आहे हे ऐकणाऱ्याला पुरेसे कळले नाही.

तू जाऊन काय पाहणार, याचे उत्तर आता देतो. जोत्याच्या वेळी खांबाखालची पायाची फुटिंग मातीखाली गेलेली असते, पण खांबांच्या सळया उघड्या असतात. संरचनेचा नकाशा घे, वास्तुविशारदाचा नको. खांबाची जागा आणि माप जुळते का ते पाहा, सळयांची संख्या आणि व्यास मोज. मग रिंगांकडे, म्हणजे उभ्या सळयांभोवती बांधलेल्या आडव्या वेढ्यांकडे वळ. रिंगेचे टोक ९० अंशांत वाकवून सोडले असेल तर भूकंपात ती उघडते आणि सळई बाहेर फुगते. लोखंडाच्या बांधणीचे जे मानक वर सांगितले त्या आयएस १३९२० प्रमाणे ते १३५ अंशांत आत, खांबाच्या गाभ्यात वळायला हवे. फिटरला हे अवघड नसते, त्याला ते कोणी सांगितलेले नसते एवढेच. तुळई आणि खांब जिथे मिळतात तिथे रिंगा जवळजवळ लागतात, त्यांच्यातले अंतर १०० मिलिमीटरच्या वर जाऊ नये. आपल्याकडे नेमक्या त्याच जागी त्या विरळ होतात, कारण तिथे हात पोहोचत नाही. सळयांचा जोड खांबाच्या मधल्या भागात हवा, पण तो स्लॅबच्या लगेच वर सगळ्या सळयांना एकाच पातळीवर दिलेला असतो. सळईभोवती काँक्रीटचे आवरण राहावे म्हणून लावायच्या कव्हर ब्लॉकच्या जागी फरशीचा तुकडा किंवा खडी लावलेली दिसेल. पुढच्या बाजूला गॅलरी वाढवण्यासाठी वरच्या मजल्यावरचा खांब तुळईवर उभा केलेला दिसेल. हे सगळे डोळ्यांना दिसते, आणि ठेकेदाराने पाठवलेल्या फोटोत यातले नेमके काहीही दिसत नाही. सेंट्रिंगवाल्यांशी आणि फिटरशी नीट बोल. मला माझ्या कामातले बरेचसे त्यांच्याकडूनच कळले, आणि तुझ्यासारखी मुलगी शिडी चढून वर आली तर ते पहिल्या दिवशी बघत राहतील आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून हाक मारतील.

वेळ नाही, असे तू लिहिले आहेस. परवानगीबरोबर पाणीपुरवठा, स्वच्छता सर्वेक्षण आणि निवडणुकीचे काम तुझ्याच गळ्यात आहे, हे मला ठाऊक आहे. पण हे कारण मी अर्धेच मान्य करतो. नव्या नियमावलीत लहान भूखंडावरच्या घरांची प्रक्रिया सोपी केली आहे, १५० चौरस मीटरपर्यंत तर परवानाधारक अभियंत्याच्या जबाबदारीवरच काम सुरू होते. त्यातून वाचलेला वेळ जिथे अनेक कुटुंबे राहणार आहेत अशा चार-पाच मजली इमारतींना द्यावा, अशीच ही रचना आहे. तो वेळ टेबलावर बसून घालवायचा आणि मग वेळ नाही म्हणायचे, हे मला पटत नाही. सगळीकडे जाता येत नसेल तर कुठे गेले नाही ते अहवालात लिही. न पाहिलेले पाहिले असे मात्र लिहू नकोस.

माझ्याबद्दल तू काय ऐकले असशील याचा मला अंदाज आहे. साहेबांकडे फाइल अडकते, साहेब हेकट आहेत, त्यांच्यामुळे लोकांची घरे रखडतात. रखडली, हे खरे आहे. ज्यांच्या घरकर्जाचा हप्ता सुरू झाला होता, ज्यांच्या घरी लग्न ठरले होते, अशा माणसांनी माझ्या टेबलासमोर उभे राहून तळतळाट केला आणि त्यांचा राग मला रास्त वाटायचा. तरीही मी थांबवलेली कामे पुन्हा थांबवीन. रिंगा सोडून पुन्हा बांधायला चार दिवस लागतात. भरलेला खांब फोडायला कोणीच तयार होत नाही. म्हणून जाण्याची वेळ काँक्रीट पडण्याच्या आधीची असते, नंतरची नसते. हे मी नगरसेवकांना सांगितले, मुख्याधिकाऱ्यांना सांगितले, बदलीचा आदेश हातात घेऊनही सांगितले. माझ्या या हट्टामुळे कोणाचा जीव वाचला हे मला कधीच दाखवता येणार नाही, कारण न पडलेल्या इमारतीची बातमी होत नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वेगळ्याच गोष्टीचे वाटते, ते पुढे लिहितो.

जे पडले ते मात्र सर्वांसमोर आहे. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे गेली. वर मजले चढत होते आणि खाली कुटुंबे राहायला आली होती. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन पडली आणि १६ जण गेले. ती जुनी, मोडकळीस आलेली इमारत नव्हती, आणि गुन्हा नोंदला गेला तेव्हा बांधकाम व्यावसायिकाबरोबर नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांचीही नावे त्यात आली. तुला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. सही ही औपचारिकता आहे असे सांगणाऱ्यांना तू हे शांतपणे दाखवावेस, म्हणून लिहितो.

तुझ्या हाती आज असे एक साधन आहे जे माझ्याकडे नव्हते. मेरठच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी दिलेला निकाल मिळव आणि त्यातले निर्देश वाच. बांधकाम चालू असताना ठरावीक काळाने जागेवर तपासणी करावी आणि तिची नोंद कार्यालयीन अभिलेखात ठेवावी, मंजूर नकाशा कामाच्या जागी लावलेला असावा, पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वीज, पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी देऊ नये, आणि चुकीचे प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई व्हावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. प्रत्येक स्लॅबच्या लोखंडाची तपासणी ही अट परवानगीतच घालावी, असे टिपण मी वारंवार ठेवले. नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे अशा अटींना शासनाची पूर्वमान्यता लागते, हे कारण दाखवून ते दर वेळी परत आले. ते कारण चूक नव्हते, पण मान्यता मागणारे पत्रही कोणी शासनाकडे पाठवले नाही. माझी खंत हीच आहे. माझे जागेवर जाणे माझ्याबरोबर आले आणि माझ्याबरोबरच गेले. माझी बदली झाल्यावर त्या टेबलावर आलेल्या माणसाला जागेवर जायला काहीही भाग पाडत नव्हते. तू आज त्याच निकालाचा आधार घेऊन तपासणी नोंदवही कार्यालयीन आदेशाने सुरू करून घे, तिला पानांचे क्रमांक घाल, आणि प्रत्येक भेटीची तारीख, पाहिलेला मजला, आढळलेली त्रुटी आणि ती दुरुस्त झाल्याची पुढची तारीख तिच्यात लिही. तोंडी सूचना देऊन परत येऊ नकोस. ऐकले नाही तर त्याच अधिनियमाच्या कलम ५४ ची काम थांबवण्याची नोटीस मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने काढण्यासाठी टिपण ठेव, आणि त्यांनी सही केली नाही तर ते टिपण फाइलमध्ये राहील याची काळजी घे.

तुझ्या टेबलावर पडलेल्या त्या फाइलवर आजच एवढे लिही: 'प्रत्यक्ष पाहणी झालेली नाही, पाहणीसाठी संरचनात्मक नकाशाची प्रत जागेवर ठेवावी व स्ट्रक्चरल इंजिनीअरने उपस्थित राहावे, असे अर्जदारास कळवावे.' तारीख घाल, खाली सही कर आणि फाइल वर पाठव. ती शेऱ्यासह परत आली तर शेऱ्यात काय लिहिले आहे ते मला कळव. उत्तराचा मसुदा मी करून देईन.

तुझा,
एक निवृत्त नगर अभियंता