‘माझा त्रास तेवढा मोठा आहे का?’

प्रश्न : मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेले दोन महिने पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. पुस्तक उघडले की एकच परिच्छेद चार-चार वेळा वाचावा लागतो. मैत्रिणींचे फोनही मी टाळू लागले आहे. विद्यापीठातील समुपदेशन केंद्राच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले, कारण माझ्याहून अधिक अडचणीत असलेल्या कुणाची तरी वेळ मी अडवते आहे असे वाटते. शिवाय तिथली नोंद विभागप्रमुखांपर्यंत गेली तर माझ्या शिफारसपत्राचे काय होईल, ही भीती आहेच. मी जावे का?

उत्तर : जावे, आणि याच आठवड्यात जावे. कुणाचा त्रास किती तातडीचा आहे हे ठरवणे केंद्राचे काम आहे. पहिली भेट बहुतांशी त्यासाठीच असते, त्यामुळे तो निवाडा तुम्ही दाराबाहेर उभे राहून स्वतःविरुद्ध देऊ नका. विद्यार्थ्यांसाठीची पहिली मानसिक आरोग्य सेवा अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात १९१० साली सुरू झाली असे मानले जाते, आणि तिचे कारण तुमच्या शंकेशी थेट जोडलेले आहे : चांगले, अभ्यासू विद्यार्थी भावनिक अडचणींमुळे शिक्षण अर्धवट सोडून जात असल्याचे तिथे लक्षात आले होते. म्हणजे ही सेवा उभी राहिली तीच, वरवर सगळे सुरळीत दिसत असताना आतून खचत चाललेल्या विद्यार्थ्यांसाठी.

आता लक्षणांविषयी. नैराश्याचा विचार करताना तज्ज्ञ किमान दोन आठवड्यांचा काळ धरतात. तुम्ही दोन महिने लिहिले आहेत. पहाटे लवकर जाग येणे, लक्ष न लागणे आणि माणसे टाळणे या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तेव्हा त्यांची दखल घ्यायलाच हवी. बहुधा तुम्हाला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरायला दिली जाईल. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण असतात, एकूण २७, आणि दहा किंवा अधिक गुण आले तर सविस्तर तपासणी केली जाते. ती प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, हे लक्षात ठेवा. थायरॉईडच्या विकारात किंवा रक्तक्षयातही असाच थकवा आणि उदासी जाणवू शकते, म्हणून एकदा शारीरिक तपासणीही करून घ्या.

नोंदीच्या भीतीचे उत्तर मला जरा सविस्तर द्यायचे आहे, कारण विद्यार्थी याच भीतीपायी मागे फिरतात, आणि ‘सगळे गुप्त राहते’ एवढेच सांगून त्यांची बोळवण करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. समुपदेशनाच्या नोंदी शैक्षणिक कागदपत्रांपासून वेगळ्या ठेवणे आणि विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय त्या कुणाला न दाखवणे हा या व्यवसायाचा मूलभूत नियम आहे. त्याला अपवाद आहेत : स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका असणे, बालकाचा छळ होत असल्याचे समजणे, न्यायालयाने माहिती मागणे. अपवादांचे तपशील देशागणिक आणि संस्थेगणिक बदलतात, म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा : ‘माझी नोंद कुठे राहते, ती कोण पाहू शकते, आणि कोणत्या परिस्थितीत तुम्ही माझ्याविषयी इतरांशी बोलाल?’ चांगला समुपदेशक या प्रश्नांनी दुखावत नाही. किंबहुना तुम्ही विचारण्याआधीच तो हे सांगतो. परीक्षेसाठी सवलत हवी म्हणून तुम्ही स्वतः पत्र मागितले, तर त्यात आजाराचे नाव न घालता केवळ ‘विद्यार्थिनी केंद्राची सेवा घेत आहे’ एवढेच लिहिण्याची विनंती करता येते. मात्र केंद्रात बसणारी व्यक्ती तुम्हाला शिकवणारी किंवा तुमचे गुण ठरवणारी असेल, तर दुसरा समुपदेशक मागा. एकाच माणसाने या दोन्ही भूमिका निभावणे योग्य नाही, मग तो कितीही सज्जन असो.

एक सत्र साधारण ४५ ते ५० मिनिटांचे असते. पहिल्या भेटीतून हलके वाटेलच असे नाही. कधी कधी बांध फुटल्यासारखे होऊन त्या संध्याकाळी अधिकच थकायला होते. दोन-तीन भेटींनंतरही त्या व्यक्तीजवळ मन मोकळे होत नसेल, तर तसे सांगून समुपदेशक बदलून घ्या, कारण उपचाराचा गुण येण्यात परस्परविश्वासाचा वाटा मोठा असतो. औषधांची गरज वाटली तर तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील. नैराश्यावरील औषधांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात आणि ती आपल्या मनाने अचानक बंद करायची नसतात.

प्रश्न : वसतिगृहातील माझा खोलीमित्र हल्ली ‘मी नसलो तरच सगळ्यांचे बरे होईल’ असे म्हणतो. कुणाला सांगणार नाही, असे वचन त्याने माझ्याकडून घेतले आहे. मी सरळ विचारले तर नसलेला विचार त्याच्या मनात येईल का?

उत्तर : येणार नाही. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार रुजतो, याला संशोधनात आधार सापडलेला नाही. उलट अनेकांना कुणीतरी विचारले याचाच दिलासा वाटतो. आजच, एकांतात, शांतपणे विचारा : ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ उत्तर ‘हो’ असेल तर काही योजना केली आहे का, साधन जवळ आहे का, हेही विचारा. असेल तर त्याला एकटे सोडू नका, ते साधन त्याच्या हाताशी राहणार नाही असे पाहा आणि तातडीच्या वैद्यकीय सेवेला लगेच बोलवा. उत्तर ‘नाही’ आले तरीही त्याच्याबरोबर समुपदेशन केंद्रात जा. ते वचन तुम्हाला पाळता येणार नाही, आणि हे त्याच्यापासून लपवू नका : ‘मला तुझी काळजी वाटते, म्हणून मी हे सांगणार आहे, आणि सांगताना तू माझ्यासोबत असावास अशी माझी इच्छा आहे,’ असे त्याला म्हणा. तो रागावेल कदाचित. केंद्रात गेल्यावर, या साऱ्या दिवसांत तुम्हाला स्वतःला किती झोप मिळाली, हेही तिथे सांगा.