आधी पूर्ण ऐक, मग बोलू

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. घरी बसून इलेक्ट्रॉनिक संगीताच्या प्रवर्तकांवरचे माहितीपट एकामागून एक पाहिलेस आणि 'ती माणसे प्रतिभावंत होती, त्यांच्याकडे यंत्रे होती, माझ्याकडे काय आहे?' या प्रश्नाने झोप उडाली, असे तू लिहितोस. तुझी तळमळ खरी आहे, म्हणूनच गुळमुळीत उत्तर देणार नाही. त्या माहितीपटांत आलेल्या रचनांपैकी एखादी तरी अथपासून इतिपर्यंत ऐकलीस का? पत्रात रचनेचे एकही नाव नाही. यंत्रांची नावे मात्र मॉडेलच्या क्रमांकांसह आहेत.

माहितीपटाचा यात दोष नाही. दीड तासात एक आयुष्य बसवायचे म्हटल्यावर संगीताच्या वाट्याला अर्धा मिनिट येतो, तोही निवेदनाच्या आड. फ्रेंच संगीतकार एलियान रादिग यांची 'त्रिलोजी द ला मॉर्त' ही तीन भागांची रचना सुमारे तीन तासांची आहे. त्यांनी एआरपी 2500 हा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर ध्वनी घडवणारे यंत्र, घेतला तो कीबोर्डशिवाय, कारण त्यांना धून वाजवायची नव्हती, तर लांबवलेला ध्वनी आतल्या आत, कळेल न कळेल असा बदलत न्यायचा होता. अर्ध्या मिनिटात त्यातले काय हाती लागणार? पूर्ण ऐकल्याशिवाय काहीही नाही.

डेलिया डर्बीशायर यांचेच पाहा. 1963 साली संगीतकार रॉन ग्रेनर यांनी रचलेली 'डॉक्टर हू' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेची धून त्यांनी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिविभागात घडवली, तेव्हा तिथे सिंथेसायझर नव्हता. चाचणीसाठी बनवलेले ऑसिलेटर (विजेवर एकसारखा स्वर देणारी साधने), छेडलेली एक तार आणि ध्वनिमुद्रणाची टेप एवढ्यावर काम झाले. सेकंदाला 38 सेंटिमीटर टेप धावत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा स्वर म्हणजे 19 सेंटिमीटरचा तुकडा; असे तुकडे मोजून, कापून, चिकटवून धून उभी राहिली. एक स्वर चुकीचा लागतो आहे असे कानाला जाणवले, तेव्हा टेपच्या पट्ट्या लांब कॉरिडॉरमध्ये शेजारी शेजारी उलगडून चुकलेला जोड शोधावा लागला. (त्यांचे नाव मालिकेच्या श्रेयनामावलीत यायला 2013 साल उजाडले, तेव्हा त्या हयात नव्हत्या. तुला याचा संताप आला, तो रास्तच आहे. पण संतापलेल्या माणसाने निदान ती धून नीट ऐकावी.) तुला तो कॉरिडॉर आठवतो, चूक पकडणारा कान आठवत नाही.

विद्यार्थ्यांना मी यंत्राला हात लावू देत नाही, आधी तासन् तास ऐकायला बसवतो, अशी माझ्याविषयी तक्रार आहे. असू दे. माझ्याकडून कंटाळून गेलेल्यांपैकी काहींनी उत्तम यंत्रे घेतली, त्यातल्या तयार ध्वनींवर समाधान मानले, आणि मी जुनाट आहे असे ते आजही सांगतात. मी जुनाट असेन; पण ध्वनी कुठे बदलला हे ज्याला ऐकू येत नाही त्याने नॉब कशाच्या भरवशावर फिरवायची, याचे उत्तर त्यांच्यापैकी कोणी दिलेले नाही. हट्टापायी चांगली माणसे दुरावली याची खंत वाटते. हट्ट मात्र सोडवत नाही.

म्हणून कोणता सिंथेसायझर घ्यावा, या तुझ्या प्रश्नाला तूर्त उत्तर नाही. रादिग यांच्या त्या त्रयीतला 'क्येमा' हा पहिला भाग तासाभराचा आहे. पडदा बंद कर, हेडफोन लाव आणि मध्ये न उठता तो ऐक. पहिला बदल कितव्या मिनिटाला जाणवला आणि काय बदलले, ते कळव. कंटाळा आला तर तोही कुठे आला ते लिही. त्या पत्रात यंत्राचे नाव नको.

तुझा,
सर