छत्रपती संभाजीनगर ते न्यूयॉर्क अंतर किती? विमानाला किती तास लागतात? आईला एकटीला पाठवायचंय, घरून कधी काढू?

चिकलठाण्याहून, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावरून, न्यूयॉर्कचं केनेडी विमानतळ (जेएफके) साधारण 12,570 किमी. मुंबईहून 12,530. तिथून विमान न थांबता जाताना 16 तासांच्या आसपास घेतं, येताना दीड-दोन तास कमी.

12,530 ला ताशी 900 नं भागून "चौदा तासांत पोचतं" असं ठणकावून सांगणारे आमच्या भावकीतही आहेत. ते चूक आहेत. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा, 12,530 ही त्या सगळ्यात जवळच्या वाटेची लांबी. तो पश्चिमेला न जाता उत्तरेकडं निघतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया करत आइसलंडच्या पूर्वेला 65 अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली येतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं आणि हा दोरा सुरुवातीलाच तुटला. त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. त्यात उंचावरचं वारं पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतं, म्हणजे जाताना ते तोंडावर.

पण आईचा जीव थकतो तो घर ते मुंबई या टप्प्यात. विमान रात्री 2 चं असेल तर 11 ला टी-2 वर (मुंबई विमानतळाचं टर्मिनल 2) हजर पाहिजे. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळ आमणेला संपतो, पुढं भिवंडी-ठाण्याची संध्याकाळची गर्दी. गाडीला सहा तास आणि वर दोन तास हाताशी ठेवा, म्हणजे दुपारी 3 ला निघा. 16 तासांनी तिकडं उतरून इमिग्रेशन, बॅगा होईस्तोवर आपल्याकडं दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे 8 वाजतात. कुलूप लावल्यापासून 29 तास झाले. सोळाच्या हिशोबानं गोळ्या आणि डबा देऊ नका.

चिकलठाण्याहून मुंबईचं विमान तासाभराचं, पण ते वेगळ्या तिकिटावर काढू नका. देशांतर्गत तिकिटावर बहुतेक 15 किलोच सामान चालतं, अमेरिकेच्या बॅगा 23-23 किलोच्या, म्हणजे जादा पैसे. मुंबईत बॅगा उतरवून घ्या, टी-1 ला उतरलात तर रस्त्यानं टी-2 गाठा, परत काउंटरची रांग. पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. दोन-तीन हजार वाचवायला आईला यात घालणं मला अजिबात पटत नाही. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं मिळाली तर घ्या, आणि चिकलठाण्यालाच बॅगेच्या टॅगवर जेएफके छापलंय का ते डोळ्यानं बघा. तसं तिकीट नसेल तर सरळ गाडी.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. रात्री 2 ला निघालेली आई त्याच तारखेला सकाळी साडेसातला उतरेल. हे हिवाळ्याचं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथलं घड्याळ तासभर पुढं असतं, तेव्हा साडेआठ धरा आणि घ्यायला येणाऱ्याला तसं कळवा.